मूडलवरचा कोर्स आणि ग्रंथालयातलं राखीव कपाट: नव्या प्राध्यापकांसाठी

जुलैत प्रवेश अर्धेमुर्धे झालेले असतात, वेळापत्रक रोज बदलत असतं आणि त्याच गडबडीत नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांच्या हातात मूडलचा, म्हणजे पेपरचं ऑनलाइन पान चालवायच्या सॉफ्टवेअरचा, लॉगिन पडतो. सोबत सूचना एवढीच की 'कोर्स तयार ठेवा'. तासिका तत्त्वावरच्या मंडळींना तर तीही ऑगस्ट उजाडल्यावर मिळते. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी. मी पुण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे मूडलकडे देवघेव काउंटरच्या बाजूने बघते. तिथून जे दिसतं ते असं: शिक्षक मूडलवर एक वाचनयादी टाकतात, ग्रंथालयाला दुसरीच देतात किंवा देतच नाहीत, आणि मग मुलं काउंटरवर येऊन 'सरांनी सांगितलेलं ते निळं पुस्तक' मागतात. कोर्सचं पान आणि राखीव कपाट (एका पेपरसाठी बाजूला काढून ठेवलेल्या पुस्तकांचं) या दोन्हींसाठी एकच यादी वापरा. बाकीची बटणं आठवडाभरात जमतात.

मूडल हे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मार्टिन डुगियामस यांनी त्याची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आणली. मोफत असल्यामुळे प्रत्येक संस्था ते आपापल्या सर्व्हरवर, आपल्याला हवं तसं बसवते. २०२२ च्या ४.० आवृत्तीत पडद्याची मांडणी बरीच बदलली. त्यामुळे शेजारच्या कॉलेजातल्या मैत्रिणीने 'उजवीकडे वर बघ' सांगितलं आणि तिथे काही दिसलं नाही, तर घाबरू नका. बटणाची जागा बदलते, काम तेच असतं. तुमच्याकडे मूडलऐवजी गूगल क्लासरूम असेल तरी यादी, राखीव प्रती आणि स्कॅनबद्दलचं पुढचं सगळं लागू पडतं.

आधी यादी, मग लॉगिन

सिलॅबसच्या शेवटी छापलेली संदर्भग्रंथांची यादी जशीच्या तशी मूडलवर डकवणं सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत निरुपयोगी. तीस पुस्तकांची यादी बघून एसवायचा मुलगा त्यातलं एकही उघडत नाही, तो सरळ झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मागच्या वर्षीच्या नोट्स घेतो. म्हणून यादी कागदावर घ्या आणि प्रत्येक पुस्तकापुढे खूण करा: पूर्ण वाचायचं, एखादंच प्रकरण वाचायचं की नुसतं चाळायचं. पहिल्या दोन प्रकारांत मिळून आठ-दहा नोंदी राहिल्या की यादी माणसात आली.

मग ग्रंथालयाच्या ओपॅकवर, म्हणजे ऑनलाइन कॅटलॉगवर, ही पुस्तकं शोधा. मराठी पुस्तक देवनागरीत टाइप करून सापडलं नाही तर रोमन अक्षरांत शोधून बघा; कित्येक जुन्या नोंदी रोमन लिपीतच केलेल्या असतात. प्रती किती, आवृत्ती कोणती, आणि पुस्तक नेमकं कुठे आहे, या तीन गोष्टी टिपून घ्या. 'कुठे आहे' हे विशेष बघा. पुस्तक कॅटलॉगमध्ये हजर असतं आणि प्रत्यक्षात विभागप्रमुखांच्या खोलीतल्या कपाटात वर्षानुवर्षं मुक्कामाला असतं. ते बाहेर काढण्याचं काम आमच्यापेक्षा तुम्हालाच जास्त सोपं जातं.

यादी ग्रंथालयाकडे सत्र सुरू होण्याच्या निदान तीन आठवडे आधी द्या. लेखक, शीर्षक, आवृत्ती, नेमकी पानं, पेपरचा कोड, वर्गात किती विद्यार्थी आणि कोणत्या आठवड्यापासून लागेल, एवढं एका तक्त्यात लिहिलंत तर आम्ही तुमचे आभारच मानू. पुस्तक विकत घ्यायचं असेल तर आणखी आधी. अप्पा बळवंत चौकात पुस्तक समोर दिसत असलं, तरी ते आमच्या कपाटात येईपर्यंत मध्ये ग्रंथालय समिती, कोटेशन, बिल, दाखल क्रमांक आणि वर्गांक अशी वरात असते.

आपल्याकडे प्रतच नसेल तर पुण्यात निराश व्हायचं कारण नाही. विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय, गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय, भांडारकर संस्था, डेक्कन कॉलेज, शिवाय १८४८ पासूनचं पुणे नगर वाचन मंदिर. प्रत्येकाचे प्रवेशाचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे ऐंशी मुलांना 'जयकरला जाऊन वाचा' असं मोघम सांगू नका. आंतरग्रंथालयीन देवघेवीतून एक प्रत मागवता येते का, ते आधी आम्हाला विचारा.

राखीव म्हणजे नेमकं काय

समजा वर्गात ८० विद्यार्थी आहेत आणि पुस्तकाच्या तीन प्रती. नेहमीप्रमाणे आठवड्याने दिल्या तर पंधरा आठवड्यांच्या सत्रात फार तर ४५ जणांच्या हाती पुस्तक पडेल, तेही प्रत्येकाने वेळेवर परत केलं तर. त्याच तीन प्रती राखीव केल्या, दोन-दोन तास ग्रंथालयातच बसून वाचायला दिल्या, आणि ग्रंथालय दहा तास उघडं असेल, तर दिवसाला पंधरा जण वाचू शकतात. सहा दिवसांत नव्वद. अख्खा वर्ग एका आठवड्यात. हा हिशेब एकदा वर्गात फळ्यावर करून दाखवा, म्हणजे 'घरी का देत नाही' ही तक्रार जरा सौम्य होते.

दुसरा प्रकार रात्रीपुरत्या देवघेवीचा: ग्रंथालय बंद होताना पुस्तक न्यायचं, सकाळी उघडताना परत आणायचं. जवळच्या पेठांत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांना हा उत्तम. पण लोणावळा लोकल किंवा दौंडची गाडी पकडणाऱ्यांना संध्याकाळपर्यंत थांबणं परवडत नाही, आणि दुपारी नोकरी करणाऱ्यांना दिवसाची पाळी जमत नाही. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या वाचनाला दोन वाटा ठेवा. एक कपाटातली प्रत, दुसरी मूडलवरचा दुवा किंवा त्या प्रकरणाचा स्कॅन. यातलं काय कुठे लागेल हे ठरवायला तुमची तिहेरी खूण कामाला येते: पूर्ण वाचायची पुस्तकं राखीव कपाटात, सुटी प्रकरणं कपाट आणि स्कॅन दोन्हींत, चाळायची पुस्तकं नेहमीच्या देवघेवीत.

आता कोर्स उघडा

रिकामा कोर्स बहुतेक वेळा ॲडमिन तयार करून देतो. तुम्ही सेटिंग्जमध्ये जाऊन चार गोष्टी तपासा. शॉर्ट नेम संपूर्ण साइटवर एकमेव असावं लागतं, म्हणून त्यात वर्ग, पेपर कोड आणि शैक्षणिक वर्ष तिन्ही घाला. नुसतं 'इतिहास' लिहिलंत तर पुढच्या वर्षी गोंधळ ठरलेला. कोर्स सुरू होण्याची तारीख बरोबर हवी. सगळं तयार होईपर्यंत कोर्स लपवलेला, म्हणजे हाइड, ठेवा. आणि गेस्ट ॲक्सेस, म्हणजे नोंदणी नसलेल्यांना प्रवेश, बंद आहे ना, ते बघा. त्याचं कारण पुढे येतं.

मांडणी साप्ताहिक की विषयवार? मी विषयवारच म्हणेन. साप्ताहिक मांडणीत मूडल सुरुवातीच्या तारखेवरून आठवडे आपोआप मोजतं. पण पुण्यातलं पहिलं सत्र तसं चालत नाही: ऑगस्टात निम्मी मुलं पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमीत, मग गणपती, मध्येच इंटर्नल. तिसऱ्या आठवड्याचा विषय पाचव्या आठवड्यात शिकवला जातो आणि पान मात्र पुढे पळत असतं. विषयवार मांडणीत हा त्रास नाही.

उजव्या कोपऱ्यातला एडिट मोड चालू केला की प्रत्येक विभागाखाली साहित्य जोडायची सोय दिसते. सगळ्यांत वरच्या विभागात तीनच गोष्टी पुरतात: पेपरची ओळख एका परिच्छेदात, तुम्हाला भेटायची वेळ, आणि राखीव पुस्तकांची पूर्ण यादी. ही यादी 'पेज' या प्रकारात करा. वर्डची फाइल जोडलीत तर ती फोनवर उतरवून उघडावी लागते, आणि बरीच मुलं तेवढ्यावरच नाद सोडतात.

विद्यार्थी कसे जोडायचे

कॉलेजची यंत्रणा नावं आपोआप चढवत असेल तर हा भाग सोडून द्या. नसेल तर सेल्फ एन्रोलमेंट (विद्यार्थ्याने स्वतःच नाव जोडायची सोय) चालू करा आणि त्याला एन्रोलमेंट की, म्हणजे पासवर्ड, द्या. ही की व्हॉट्सॲपवर फिरणार हे गृहीत धरा. प्रवेश पूर्ण झाले की सेल्फ एन्रोलमेंट बंद करून टाका. दोन तुकड्या असतील तर ग्रुप तयार करून प्रत्येकाला वेगळी की देता येते, म्हणजे मुलं आपापल्या तुकडीत आपोआप पडतात. प्रोफाइलमध्ये पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) भरलेला असावा हा आग्रह पहिल्याच दिवशी धरा. गुणांची यादी काढताना 'रॉकस्टार पाटील' हा कोण, ते शोधत बसावं लागत नाही.

सहशिक्षक फक्त तपासणार असेल तर त्याला नॉन-एडिटिंग टीचर करा. ग्रंथालयातल्या माणसाला मात्र दुवे आणि स्कॅन टाकायचे असतात, त्याला संपादनाचा अधिकार लागतो. मूडलमध्ये एखाद्याच विभागापुरता तो देण्याची साधी सोय नाही. ॲडमिनने ग्रंथालयासाठी वेगळी भूमिका तयार केली तर छान. नाहीतर टीचर म्हणून जोडा. आम्ही तुमच्या गुणांना हात लावत नाही.

फाइल की दुवा

जिथे दुवा देता येतो तिथे फाइल चढवू नका. ई-जर्नलमधला लेख असेल तर ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करण्याची सवय मोडा. डेटाबेसमध्ये लॉगिन करून शोधल्यावर वर दिसणारा तो लांबलचक पत्ता अनेकदा त्या सत्रापुरताच असतो. आज तुमच्याकडे उघडतो, उद्या मुलांकडे 'सेशन एक्स्पायर्ड' दाखवतो. लेखाचा डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) किंवा पानावर दिलेला कायमचा दुवा घ्या, आणि टाकल्यावर इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघा.

दुवा चालला तरी लेख वाचता येईलच असं नाही, कारण त्यामागे कोणाची तरी वर्गणी असते. एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-जर्नल आणि ई-पुस्तकं पुरवणारी योजना) सभासदत्व असलेल्या कॉलेजात विद्यार्थ्यांना आपापला लॉगिन मिळतो. तो ग्रंथालयातून घ्यायचा असतो, आणि हे निम्म्या मुलांना टीवायपर्यंत माहीत नसतं. केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं आहे, त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं येतात. आपली संस्था त्यात बसते का, ते ग्रंथपालांना विचारा. प्रबंध हवे असतील तर शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा, सगळ्यांना खुली आहे.

स्कॅन करायचा तर

कॉपीराइटचा प्रश्न इथे येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(आय) शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला शिकवण्याच्या ओघात प्रत करायची मुभा देतं. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानावर तीन मोठ्या प्रकाशकांनी खटला भरला होता. त्यात दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये, आणि त्याच वर्षी डिसेंबरात खंडपीठाने, अभ्यासासाठी बांधलेले प्रकरणांचे संच या कलमात बसू शकतात असं म्हटलं. पानांची टक्केवारी कायद्यात नाही, शिकवण्याला ते खरोखर लागतं का हे बघायचं. पण तो वाद कागदी संचांचा होता. इंटरनेटवर कोणालाही उघडता येणारा स्कॅन ही वेगळी गोष्ट. म्हणून माझा साधा दंडक: लागेल तेवढंच प्रकरण, नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांपुरतंच, पहिल्या पानावर पुस्तकाचा पूर्ण संदर्भ, आणि संपूर्ण पुस्तक कधीही नाही. गेस्ट ॲक्सेस बंद ठेवायला सांगितलं ते यासाठी.

हात मोकळे असतात ते जुन्या लेखनाबाबत. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. महात्मा फुले (निधन १८९०), आगरकर (१८९५), राजवाडे (१९२६) यांचं मूळ लेखन निर्धास्तपणे टाका. मात्र अलीकडच्या आवृत्तीतली संपादकाची प्रस्तावना आणि टिपा त्यात धरू नका, त्यांचे हक्क जिवंत असतात.

स्कॅन ३०० डीपीआयला पुरे. जोडपानं एकत्र काढू नका, फोनवर ती मुंगीएवढी दिसतात. ओसीआर करून घ्या, म्हणजे चित्रातल्या अक्षरांचा मजकूर होतो आणि शब्द शोधता येतो. मराठीचं ओसीआर आता बरंच सुधारलं आहे. फाइलचं नाव लेखक, प्रकरण, पानं असं ठेवा. सुधारित प्रत टाकायची झाली तर त्याच जागी जुनी बदलून नवी ठेवा. 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'हीच बघा' अशा तीन फाइली एकाखाली एक दिसल्या की मुलं हमखास पहिली उघडतात.

मराठी नोट्सचा एक खास पुणेरी प्रश्न आहे. मराठी टाइप करायची श्रीलिपी इथलीच. विभागातल्या जुन्या नोट्स बहुधा तिच्यासारख्या युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. तुमच्या संगणकावर त्या सुंदर दिसतात, कारण फॉन्ट बसवलेला आहे. मुलीच्या फोनवर तीच वर्ड फाइल उघडली की 'समाजसुधारणा'च्या जागी रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरच्या खुणा यांची खिचडी येते. पीडीएफ केली तर अक्षरं नीट दिसतात, पण शोधात शब्द सापडत नाही आणि कॉपी केला तर पुन्हा खिचडीच. कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि नंतर एकदा डोळ्यांखालून घाला. जोडाक्षरं आणि रफार हमखास हलतात. कंटाळवाणं काम आहे, पण ते एकदाच करावं लागतं.

एक नोंद कशी दिसावी

प्रत्येक विषयाच्या विभागात वाचनाची नोंद साधारण अशी लिहा:

'वाचन ३ (आवश्यक). प्रकरण ४, पृ. ६१–८८. राखीव प्रती ३, वर्गांक ९५४.७९२, देवघेव काउंटरवर मागा, ग्रंथालयातच दोन तास. स्कॅन खाली जोडला आहे. वाचताना बघा: लेखक १८७० नंतरच्या बदलाचं श्रेय कोणाला देतो, आणि पुरावा कोणता?'

शेवटचा प्रश्न विसरू नका. त्याच्याशिवाय अठ्ठावीस पानं म्हणजे नुसती अठ्ठावीस पानं असतात. आणि वर्गांक लिहाच, म्हणजे निळं पुस्तक शोधण्याची वेळ आमच्यावर येत नाही.

सबमिशन आणि सूचना

असाइनमेंटमध्ये दोन तारखा असतात. ड्यू डेट उलटली तरी फाइल स्वीकारली जाते, फक्त उशिराची खूण पडते. कट-ऑफ डेट उलटली की दार बंद. कट-ऑफ रिकामी ठेवलीत तर सबमिशन दिवाळीनंतरही येत राहतील. मुदत रात्री बाराची ठेवू नका, संध्याकाळी पाचची ठेवा. काही अडलं तर विचारायला ऑफिसात माणूस तरी असतो. खरंच अडचण असलेल्या विद्यार्थ्याला एकट्याला मुदतवाढ देता येते, त्यासाठी सगळ्यांची तारीख हलवायची गरज नाही.

अनाउन्समेंट्सवर टाकलेली सूचना नोंदणी झालेल्या सगळ्यांना ईमेलने जाते. पण साधारणपणे मूडल तुम्हाला दुरुस्तीसाठी अर्धा तास देतं आणि मेल त्यानंतर निघतो. 'आजचा दोनचा तास रद्द' हे पावणेदोनला टाकलंत तर मेल सव्वादोनच्या पुढे पोचेल, तोवर मुलं वर्गात येऊन बसलेली असतील. लगेच पाठवायचा पर्याय पोस्ट लिहितानाच असतो, त्यावर खूण करा.

रिस्ट्रिक्ट ॲक्सेसने एखादं साहित्य ठरावीक तारखेपर्यंत बंद ठेवता येतं. क्विझसाठी वापरा, वाचनासाठी नको. पुढचं वाचणारी चार मुलं वर्गात असतात, त्यांना कुलूप कशाला?

सगळं लावून झालं की 'स्विच रोल'मधून स्टुडंट होऊन पान बघा, आणि मग खुद्द एखाद्या विद्यार्थ्याच्या फोनवर बघा. दुसरं जास्त महत्त्वाचं.

सत्राच्या मध्यावर

इंटर्नलच्या आधी कोर्सचा ॲक्टिव्हिटी रिपोर्ट काढा. कोणतं साहित्य किती वेळा उघडलं गेलं ते कळतं. आमच्याकडून राखीव देवघेवीचे आकडे घ्या आणि शेजारी ठेवा. उघडलं म्हणजे वाचलं असं नव्हे, पण जे दोन्हीकडे शून्य आहे ते वाचन यादीत का ठेवायचं, याचा विचार करा. काढायचं ठरलं तर आम्हालाही कळवा, ती प्रत लगेच नेहमीच्या देवघेवीत सोडता येते.

सत्र संपल्यावर

आधी गुणांची यादी एक्स्पोर्ट करून परीक्षा विभागाच्या नियमाप्रमाणे जपून ठेवा, मग ॲडमिनकडून पूर्ण बॅकअप घ्या. त्यानंतरच रीसेटकडे वळा, कारण रीसेट विद्यार्थी, सबमिशन आणि चर्चा पुसून टाकू शकतो आणि तिथून मागे फिरता येत नाही. माझं मत विचाराल तर रीसेटपेक्षा नवा कोर्स घेऊन त्यात जुन्यातलं साहित्य इम्पोर्ट करणं बरं. इम्पोर्टमध्ये विद्यार्थ्यांचा डेटा येत नाही आणि जुना कोर्स नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायलींसाठी जसाच्या तसा शिल्लक राहतो. इम्पोर्टनंतर असाइनमेंटच्या सगळ्या तारखा एकेक करून तपासा.

आणि राखीव यादी संपल्याचं ग्रंथालयाला लेखी कळवा, ईमेल चालेल. तुम्ही कळवल्याशिवाय आम्ही प्रती सोडत नाही. मग बॅकलॉगची मुलं सुट्टीत वाचायला मागतात आणि पुस्तकं आमच्या पाठीमागच्या कपाटात तुमच्या पेपरच्या नावाने अडकून पडतात. पुढच्या सत्रात पेपर दुसऱ्या कोणाकडे जाणार असेल तर त्यांचं नावही त्याच मेलमध्ये लिहा.